विहीणबाईंची भाषा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मधुमेह, मृत्युपत्र, म्युच्युअल फंड आणि गांडूळखत अशा उपयुक्त विषयांवर भाषणं झाली. माझा विषय त्या मानाने अगदीच बिनकामाचा वाटेल. मी गेली तीन वर्षं स्पॅनिश शिकते आहे, आणि त्यातल्या गमतीजमती आणि डोकेदुखी तुम्हाला सांगणार आहे.

कारण घरगुती आहे. माझा मुलगा स्पेनमध्ये, वायादोलिद नावाच्या गावात असतो. सून तिथलीच. सूनबाईंशी आमचं इंग्रजीत भागतं. पण विहीणबाईंना इंग्रजीचा गंध नाही, आणि नातू आईची आणि तिकडच्या आजीची भाषा बोलतो. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी आज्या एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. मधे मुलगा दुभाषा. दुभाष्यामार्फत तब्येत विचारता येते हो, गप्पा मारता येत नाहीत. म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी क्लास लावला.

सुरुवातीलाच एक शब्द भेटला आणि मी जिंकले. इंग्रजीत विहिणीला धड शब्द नाही. स्पॅनिशमध्ये आहे : 'कोन्सुएग्रा'. 'सुएग्रा' म्हणजे सासू, 'कोन' म्हणजे बरोबर. आपल्या बरोबरीची सासू! व्याही म्हणजे 'कोन्सुएग्रो'. ज्या भाषेने विहिणीचा मान शब्दकोशात ठेवलाय, ती आपल्याला परकी कशी असेल?

पुढे लक्षात आलं की, आमची पाठ्यपुस्तकं इंग्रजी येणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. इंग्रजांना जे अवघड, त्यावर पानंच्या पानं. उदाहरणार्थ, 'मे गुस्ता एल काफे'. म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीत 'मी' कर्ता असतो, इथे कॉफी. आंबे अनेक असले की 'मे गुस्तान'. इंग्रजीवाले इथे घामाघूम होतात. आपण मात्र जन्मापासून 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हेच म्हणत आलोय. तसंच 'मी टेबल बघितलं' पण 'मी रमेशला बघितलं'. वस्तूला काही नाही, माणसाला मात्र 'ला'. स्पॅनिशमध्येही माणसाच्या आधी एक छोटा 'आ' लावतात, टेबलाच्या आधी नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यासाठी 'तू' आणि 'उस्तेद'. स्पॅनिश 'तू' म्हणजे चक्क आपला 'तू'! आणि 'उस्तेद' हा 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. थोडक्यात काय, पुणे ते माद्रिद व्हाया लंडन जाण्याचं कारण नाही. थेट गाडी आहे.

उच्चारांतही आपली थोडी चांदी आहे. त, द, प, क हे आपल्यासारखेच. 'फोडणी चर्र झाली' म्हणताना जो र येतो तोही लागतोच, कारण 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. पण पुढे गंमत सुरू होते. एच लिहायचा आणि गिळायचा. हॉटेलचं होतं 'ओतेल'. जे अक्षराचा उच्चार ख. व्ही आणि बी सारखेच. शचा उच्चार मुळात नाही. आता आपल्या खालच्या बोर्डावरची नावं एखाद्या स्पॅनिश माणसाने वाचली तर? जोशी होतात 'खोसी', विजया होते 'बिखाया', आणि जाधव होतात 'खादाव'. मला नातवाकडून 'आजी' म्हणवून घ्यायचं होतं. रोमन लिपीत लिहून पाठवलं, तर विहीणबाईंनी वाचलं 'आखी'. दक्षिण अमेरिकेत 'आखी' म्हणजे मिरची! माझ्या यजमानांचं मत असं, की शब्द अगदीच चुकीचा नाही. आता सूनबाई जेच्या जागी वाय घालून लिहितात आणि काम भागतं.

अजून एक अक्षर आहे, एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ. उच्चार साधारण आपल्या 'ञ'सारखा, जो आपण बाराखडीत म्हणतो आणि नंतर विसरतो. 'आन्यो' म्हणजे वर्ष. वय सांगताना 'माझ्याजवळ इतकी वर्षं आहेत' अशी तिथली वाक्यरचना. ती रेघ द्यायला विसरलात तर वर्षांच्या जागी शरीराचा असा एक भाग येतो, की ज्याचा उल्लेख मी रौप्यमहोत्सवात करणार नाही. व्हॉट्सॲपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवताना जपून.

ओळखीचे वाटणारे शब्द तर फारच दगाबाज. 'सोपा' म्हणजे सूप, आणि तो सोपा असेलच असं नाही. 'रोपा' म्हणजे कपडे. 'एक्सितो' म्हणजे एक्झिट नव्हे, यश. 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला, हे औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी पाठ करावं. आमच्या वर्गातल्या एका तरुण इंजिनिअरने उशिरा आल्याबद्दल लाजून सांगितलं, 'मी एम्बारासादो आहे.' त्याला म्हणायचं होतं ओशाळलोय. बाईंनी शांतपणे अभिनंदन केलं, कारण त्याचा अर्थ 'मला दिवस गेलेत'.

आता खऱ्या अडचणी. आपल्याकडे ढेकूण तो, पाल ती आणि झुरळ ते. तीन लिंगं सांभाळणाऱ्यांना दोन म्हणजे काय, असं वाटतं. पण हात तिथे स्त्रीलिंगी, 'ला मानो', आणि तोही 'ओ'कारान्त! दिवस 'एल दिआ', 'आ'कारान्त असून पुल्लिंगी. मराठीत अडचण, समस्या, कटकट सगळ्या स्त्रीलिंगी, पण 'एल प्रोब्लेमा' मात्र पुल्लिंगी. हे मी घरी लगेच कळवलं.

सगळ्यात अवघड म्हणजे 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदं, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. भाषणाच्या वेळी पहिला शब्द वक्त्यासाठी, दुसरा श्रोत्यांसाठी. क्लासमध्ये नियम सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. आणि मग सांगतात, की 'तो मेलेला आहे' याला एस्तार! पुनर्जन्म मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला हरकत नाही, पण नियम तिथेच कोसळतो.

मात्र काही शब्द भेटले की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. 'आथूकार' म्हणजे साखर. आपली शर्करा फारसीतून अरबीत आणि तिथून स्पेनला पोचली. 'नारांखा' म्हणजे संत्रं, मुळात आपलं नारंग. 'आखेद्रेथ' म्हणजे बुद्धिबळ, आपलं चतुरंग. आपले साबण, चावी, पाव पोर्तुगीजांकडून आले. स्पॅनिशमधले 'खाबोन', 'यावे', 'पान' हे त्यांचेच चुलते. नवं कापड पहिल्यांदा अंगावर घालण्याला आपण 'घडी मोडणे' म्हणतो. स्पॅनिशमध्ये त्याला एक स्वतंत्र क्रियापद आहे, 'एस्त्रेनार'. आणि पहाटेला 'माद्रुगादा'.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे नाही. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. त्यांच्याकडे दोन्हींना मिळून एकच, 'नोसोत्रोस'. 'आमची सोसायटी' आणि 'आपली सोसायटी' यांतला फरक त्यांना समजावून सांगताना मला वीस मिनिटं लागली. आपल्या सर्वसाधारण सभेत तो फरक एका वाक्यात कळतो.

आता जरा गंभीर सांगते. भूतकाळाचे दोन प्रकार असतात. एकदा घडून गेलेल्याचा वेगळा, आणि वारंवार घडायचं त्याचा वेगळा. आपलं 'गेले' आणि 'जायचे'. व्याकरण म्हणून मी हे पहिल्या वर्षीच पाठ केलं होतं. मागच्या हिवाळ्यात आमचे व्याही अचानक गेले. मुलगा-सून धावपळीत. चौथ्या दिवशी मी विहीणबाईंना थेट फोन लावला, मधे कोणी नाही. 'लो सिएन्तो' म्हटलं. सांत्वनाचा हा शब्द, पण शब्दशः अर्थ 'मला ते जाणवतंय'. त्या चाळीस मिनिटं बोलल्या. मला निम्मं कळलं असेल. पण एक गोष्ट नीट ऐकू आली. त्यांची सगळी क्रियापदं बदलली होती. रोज सकाळी ते पाव आणायचे. खिडकीत उभे राहायचे. नातवाला शाळेत सोडायचे. 'त्राईआ', तो आणायचा. 'आणतो'चं 'आणायचा' होणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. ते दुभाष्यामार्फत कळलं नसतं. मुलाने मला सांगितलं असतं, 'आई, त्या ठीक आहेत.'

तेव्हापासून दर रविवारी आमचा फोन असतो. त्या मला 'कोन्सुएग्रा' म्हणतात, मी त्यांना 'विहीणबाई' म्हणायला शिकवलंय. हच्या ठिकाणी त्या जोर लावून ख म्हणतात. चालायचंच.

आपल्या सोसायटीत चार घरांपैकी एका घराचं मूल बाहेर आहे. कुणाचा नातू जर्मन बोलतो, कुणाची नात कन्नड. दिवाळीत खाली बाकावर बसून 'पोरांना मराठी येत नाही हो' म्हणून आपण उसासे टाकतो. खरंच आहे ते, वाईट वाटतंच. पण पोरांना आपल्याकडे यायला सांगताना आपणही चार पायऱ्या उतरलो तर? दहा शब्द शिका. पाणी, ये, बस, छान, झोप, गोष्ट, तुला काय हवं. नातवंडांना आजी-आजोबांचं चुकणं फार आवडतं. ती दुरुस्त करतात, मग आपण त्यांना एक मराठी शब्द देतो. माझ्या नातवाकडून मला 'मारिपोसा' मिळालं, त्याला मी 'फुलपाखरू' दिलं. सौदा बरोबरीत.