डबी उघडा, माऊली

(शताब्दी वर्षाच्या वारीत लोणंद मुक्कामी, हरिपाठानंतर दिंडीच्या तंबूत झालेले बोलणे)



आज दुपारी माऊलींच्या पादुकांना नीरास्नान झालं. आपणही बुड्या मारून घेतल्या. वाल्ह्यापासूनची धूळ गेली, अंग हलकं झालं. आता पंगत उठायला थोडा वेळ आहे, तर नीरेच्या पाण्यानं जी धूळ जात नाही तिच्याविषयी चार शब्द बोलू.

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. स्मरणिका निघते आहे. जुन्या मंडळींनी बैलगाडीतून सामान कसं नेलं, भर पावसात दिवेघाट कसा चढला, डोईवर भाकरीची टोपली घेऊन बाया कशा चालल्या, हे सगळं त्यात येईल. यायलाच पाहिजे. पण बैठकीत एका जाणत्या टाळकऱ्यांनी विचारलं, "आपण जे केलं ते लिहिणार, मग जे लपवलं ते कोण लिहिणार?" सगळे गप्प झाले. त्या गप्प बसण्यातून हे बोलणं निघालं.

लपवलेलं म्हणजे काय? दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान-थोर पाहत नाही, जात पाहत नाही. पण एकमेकांना तोंड दाखवत नाही. तोंड म्हणजे खरोखरचं तोंड. गालाच्या आत, ओठाच्या खाली काय दडवलंय ते. तंबाखूचा बार, मिश्री, मावा, पुडी. कुणाच्या पडशीत चंची असते, कुणाच्या बंडीच्या आतल्या खिशात, कुणाच्या फेट्याच्या घडीत. बायांचं आणखी वेगळं. कमरेच्या पिशवीत डबी, आणि काकड्याच्या आधी अंधारात उठून पालाच्या मागे मिश्री लावायची, म्हणजे लेकीसुनेला दिसत नाही.

सगळेच खातात असं नाही. पण २०१६-१७ साली देशभर पाहणी झाली, तेव्हा महाराष्ट्रात दर चार मोठ्या माणसांमागे एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो असं दिसलं, आणि त्यातले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. आपली दिंडी काही महाराष्ट्राबाहेरची नाही. या तंबूतली माणसं मोजा आणि हिशोब तुमचा तुम्ही करा.

आता एक गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. जुन्या मंडळींना कळेल, त्यांनी मनात ठेवावं.

आपल्यात एक विणेकरी होते. वीस वर्षे वीणा त्यांच्या गळ्यात. अख्खी दिंडी त्यांच्या पाया पडून चालायला लागायची. आवाज असा की पहिल्या ओळीला घाट भरून जायचा. शेवटच्या दोन वारींत तो आवाज बारीक झाला. हरिपाठाला ओठ हलायचे, शब्द बाहेर यायचा नाही. पंगतीला ते सर्वांच्या नंतर बसायला लागले. ठेचा बंद केला. भाकरी आमटीत कुस्करून अगदी पातळ करून घ्यायचे. आम्हाला वाटलं, बुवांना वैराग्य आलं, जिभेचे चोचले सुटले. एकानं तर कीर्तनात त्यांचा दाखलाही दिला.

माऊली, ते वैराग्य नव्हतं. त्यांचं तोंड उघडत नव्हतं. तिखट लागलं की आग व्हायची. गालाच्या आत फोड आला होता आणि तो आठ महिने बरा होत नव्हता. घरात बोलले नाहीत, दिंडीत बोलले नाहीत. फोड दाखवायचा तर तंबाखू दाखवावी लागणार. आणि तंबाखू दाखवली तर गळ्यातली वीणा जाईल, असं त्यांना वाटलं. शेवटी मुलानं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, तेव्हा गाठ मानेपर्यंत उतरली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस का थांबलात?" बुवा म्हणाले, "माळ होती ना गळ्यात."

पुढची आषाढी त्यांनी पाहिली नाही.

यात आम्ही कुणाला दोष द्यावा? डॉक्टरांना नाही, घरच्यांना नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या चार-पाच जणांना माहीत होतं. बुवा तळावर झाडामागे जायचे, ते आम्हीही तिथेच जात होतो म्हणून दिसायचं. त्यांची चोरी आम्हाला कळली ती आमच्या चोरीमुळं. मग बोलणार कसं? त्यांनी उलट विचारलं असतं, "आणि तुमच्या पडशीत काय आहे?" म्हणून गप्प राहिलो. दुसऱ्याचं लपवायला मदत केली, कारण त्यानं आमचं लपवावं. आज हे उभं राहून सांगताना लाज वाटते. पण त्या वेळी गप्प बसण्याची लाज याहून मोठी आहे.

आता माळेचं बोलू. माळ घातली की मांस बंद, दारू बंद, एकादशी आणि वारी चुकवायची नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. मग कुणी म्हणतं, "तंबाखूचं यात कुठं आलंय?" हा प्रश्न आम्हीही केलेला आहे. त्याचं उत्तर सोपं आहे. माऊलींनी समाधी घेतली १२९६ साली. तंबाखू आपल्या देशात आली ती पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर, तीनशे वर्षांनंतर. जी वस्तू माऊलींच्या काळात इथं नव्हती, तिची मनाई त्या काळच्या नेमात शोधून सापडणार कशी? आणि दुसरं असं की, नेमात बसतं तर मग झाडामागे का जायचं? आपण लपवतो, त्यातच आपलं उत्तर आलं.

खाणारा वाईट आहे का? अजिबात नाही. दाढ दुखते म्हणून कुणीतरी पहिल्यांदा मिश्री लावायला दिली. भांगलताना भूक मरावी म्हणून पहिला बार भरला. सकाळी पोट साफ होत नाही म्हणून सवय लागली. तंबाखूत निकोटीन असतं, ते मेंदूला पकडतं. आपण जो चुना मळतो त्यानं ते तोंडातून लवकर रक्तात जातं, आणि तोच चुना गालाची आतली कातडी सोलतो. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. भाजल्यानं ती औषध होत नाही. पोटुशी बाई मिश्री लावते तेव्हा पोटातलं बाळ वजनाला कमी भरतं. गुटखा तर आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे, तरी पुडी कुठं मिळते हे पोरासोरांना ठाऊक आहे, कारण आणायला आपणच त्यांना धाडतो. म्हणजे पहिल्या दिवशी चूक झाली असेल, पण आज तो एक आजार आहे. आजारी माणसाला कुणी दिंडीतून काढतं का? पाय सुजला तर आपण त्याला गाडीत बसवतो.

आता आपल्या एका आजीची गोष्ट. ही त्यांना विचारून सांगतो. त्या इथंच बसल्या आहेत, नाव त्यांनी सांगू नका म्हटलंय.

आजी पस्तीस वर्षे मिश्री लावत होत्या. घरधन्याला ठाऊक नव्हतं, सुनेला नव्हतं. वारीत लपवायला त्यांनी युक्ती केली. बुक्क्याची डबी घेतली आणि त्यात मिश्री भरली. दोन्ही काळं, दोन्ही बारीक. कुणाला संशय येणार? उद्या आपण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहणार आहोत. तिथंच काही वर्षांमागे हे झालं. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. तेवढ्यात एक कॉलेजातला मुलगा, पहिल्यांदा वारीला आलेला, आजींच्या हातातली डबी पाहून पुढं आला. पाया पडला आणि म्हणाला, "आजी, बुक्का लावा."

आजींनी डबी पदराखाली घेतली. म्हणाल्या, "संपला, लेकरा."

पोरगा रामकृष्ण हरी म्हणून पुढं गेला. आजी तिथंच बसल्या. रात्री तरडगावच्या मुक्कामाला त्या जेवल्या नाहीत. बायांनी खोदून विचारलं तेव्हा रडायलाच लागल्या. "पस्तीस वरसं नवऱ्याशी खोटं बोलले त्याचं काय वाटलं न्हाई. आज माऊलीच्या वाटंवर लेकरानं बुक्का मागितला, आन माझ्या डबीत त्याच्या कपाळाला लावायजोगं काय बी नव्हतं."

मग काय झालं ऐका. पालात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दुसरीनं आपली डबी काढून पुढ्यात ठेवली. मग तिसरीनं. त्या पालातल्या अर्ध्याहून जास्त बायांच्या डब्या त्या रात्री बाहेर आल्या. शेजारी शेजारी झोपणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या बाया, आणि एकमेकींपासून लपवत होत्या.

आजींची मिश्री त्या रात्री सुटली असं समजू नका. दोनदा सोडली, दोनदा परत लागली. तिसऱ्या वारीला सुटली. पण त्या रात्रीनंतर ती चोरून नव्हती, आणि म्हणूनच सुटली. लागली की त्या दुसरीला सांगायच्या, "आज लावली गं." दुसरी म्हणायची, "उद्या नको." एवढंच.

आता ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी अनुभवाचं सांगतो. तलफ येते ती लाटेसारखी. पाच-दहा मिनिटं जोर करते आणि उतरते. तेवढा वेळ एक अभंग सावकाश म्हणा, पाणी प्या, दोन पावलं चाला. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, पोट जड होतं. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा, ते सुरळीत होतं. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप धरा, लवंग धरा. सुपारी नको, नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो. सरकारचा एक फोन आहे, तंबाखू सोडायला मदत करणारा, पैसे लागत नाहीत: १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, पण पुडी फोडताना तो कोण वाचतो?

आणि तोंड तपासायला शिका. आरशात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, तिखटानं होणारी आग, यातलं काही असेल तर डॉक्टर गाठा. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर बुवांसारखं थांबू नका. लवकर सापडलं तर हा रोग बरा होतो. वाटेवर जागोजागी सरकारी आरोग्य पथकं असतात. पायाचे फोड दाखवायला आपण रांग लावतो, तिथंच तोंडही दाखवावं.

शताब्दीच्या बैठकीत आपण तीन गोष्टी ठरवल्या. एक, जो कुणी सवय उघड सांगेल त्याची माळ, वीणा, टाळ, पताका, काहीही काढून घेतलं जाणार नाही. त्याला टोमणा मारणाऱ्याला मात्र चोपदार समज देतील. दोन, वारीला निघण्यापूर्वी गावात भिशी गोळा करतो त्याच दिवशी सर्वांनी तोंड तपासून घ्यायचं, विणेकऱ्यांपासून स्वयंपाक्यापर्यंत. तीन, दिंडीतल्या कुणीही लहान पोराला पुडी आणायला पाठवायचं नाही. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. ज्या पोराच्या हातात आपण उद्या टाळ देणार, त्याच्याच हातात आज पुडी देतो, हे बरं नव्हे.

आमची स्वतःची चंची आम्ही आज नीरेकाठी सोडून आलो. पाण्यात टाकली नाही, नदी कशाला नासवायची? खड्डा करून पुरली. उद्या सकाळी हात खिशाकडे जाईल, हे माहीत आहे. तेव्हा कुणाला तरी सांगू. तुम्हीही सांगा. कीर्तनात सांगायला नको, सगळ्यांपुढं नको. शेजारी चालणाऱ्या एका माणसाला सांगा. दिंडी एकट्यानं चालत नाही, तसंच हेही.

उद्या चांदोबाच्या लिंबाला आजी डबी घेऊन उभ्या राहणार आहेत. आता त्यात बुक्का आहे. ज्यांना लावून घ्यायचा त्यांनी जावं. आम्ही जाणार आहोत.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!