जुना प्रोजेक्ट, नवं जँगो आणि एकच लॅपटॉप



अकलूजच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा नातेपुते-वेळापूरला घरी बसून पायथन शिकणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे.

समजा, 2021 साली जँगो 3.2 वर केलेला सीनियरचा प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर आहे. नव्या कामासाठी तुम्ही जँगो 5.2 बसवता. पिप आधीचं 3.2 काढून टाकतो, आणि काल चालणारा जुना प्रोजेक्ट आज म्हणतो, ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल’. कोड कुणी बिघडवलेला नसतो. ते जुनं ‘यूआरएल’ फंक्शन जँगो 4.0 पासून काढलेलं आहे, एवढंच.

आपल्याकडे तणनाशकाचा पंप कुणी पिकावरच्या औषधाला वापरत नाही. तसंच प्रत्येक प्रोजेक्टचं एन्व्हायर्नमेंट वेगळं ठेवा. त्यासाठीचं ‘व्हेन्व्ह’ 2012 पासून, म्हणजे पायथन 3.3 पासून, पायथनसोबतच येतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन, डॅश एम, व्हेन्व्ह’ आणि पुढे फोल्डरचं नाव लिहा. मग ते ॲक्टिव्हेट करा. कमांडच्या ओळीआधी कंसात त्याचं नाव दिसलं, की मगच पिप चालवा. घाईत ही पायरी सुटते आणि सगळं पुन्हा मूळ पायथनमध्ये जाऊन पडतं.

उबुंटूच्या नव्या आवृत्त्या मूळ पायथनमध्ये पिपला हात लावू देत नाहीत. तिथे ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ लिहून पुढे जाण्याचा मोह कृपा करून टाळा. तो अडथळा तुमच्याच भल्यासाठी आहे.

आणखी एक. व्हेन्व्हचं फोल्डर पेनड्राइव्हवरून मित्राला देऊ नका. त्यात तुमच्या मशीनवरचे पत्ते लिहिलेले असतात, त्याच्याकडे ते चालायचं नाही. ‘पिप फ्रीझ’नं आवृत्त्यांची यादी रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये काढा आणि कोडसोबत ती द्या. पायथन कोणतं वापरलं तेही लिहा, कारण व्हेन्व्ह पायथन स्वतः आणत नाही. ज्या पायथननं बनवलं, तेच वापरतं.

मात्र वेगळं ठेवलं म्हणून जुनं सुरक्षित झालं, असं समजू नका. जँगो 3.2 च्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल 2024 मध्ये थांबल्या; 5.2 ला त्या एप्रिल 2028 पर्यंत मिळणार आहेत. एखाद्या दूध संस्थेची साइट अजून 3.2 वर चालवत असाल, तर तिची प्रत घ्या, नवं व्हेन्व्ह बनवा, तिथे आधी 4.2 आणि मग 5.2 वर नेऊन तपासा. हे काम या सुट्टीतच हाती घ्या.