गोळी आणि गाडी

झांबियाच्या सेरेंजे जिल्ह्यात आरोग्य केंद्र गाठायचं म्हणजे कच्च्या वाटेवरून मैलोन्‌मैल पायपीट. तापानं फणफणलेलं, झटके येणारं मूल पाठीशी बांधून आई निघते. तीव्र हिवतापात हा उशीर जिवावर बेततो.

तिथे कामी आली सायकल रुग्णवाहिका. सायकलमागे जोडलेला गाडा, त्यात गादी, वर छत. चालवणारे गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक. पण निघण्याआधी मुलाला आर्टेसुनेट हे औषध गुदद्वारातून दिलं जातं. शुद्ध हरपलेलं मूल गोळी गिळणार कशी? हा पूर्ण उपचार नव्हे. औषध फक्त वेळ मिळवून देतं, पुढची इंजेक्शनं केंद्रातच घ्यावी लागतात. म्हणूनच औषध पोचवून गाडी विसरणाऱ्या योजना मला अर्धवट वाटतात.

२०१७-१८मध्ये वर्षभर हे दोन्ही एकत्र राबवलं, तेव्हा तिथे तीव्र हिवताप झालेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण ८ टक्क्यांवरून पाव टक्क्यावर आलं. किती घरं सावरली असतील!

अर्थात सायकल म्हटली की पंक्चर आलं, झिजलेले टायर आले. त्यासाठी गावातच दुरुस्ती येणारा माणूस हवा, गाठीला थोडा निधी हवा. देणगीदार गाडी देऊन जातात. ती चालती ठेवायची जबाबदारी गावाच्याच खांद्यावर असते.