प्रिंट निघायला उशीर का होतो?

कचेरीतील कामाला होणारा विलंब हा आपल्याकडे जुनाच विषय आहे. पूर्वी या विलंबाचा दोष कधी फायलीवर, कधी सहीवर, तर कधी रजेवर गेलेल्या साहेबांवर टाकला जाई. अलीकडे या यादीत प्रिंटरची भर पडली आहे. 'यंत्र मंद चालते आहे, जरा बसा' हे वाक्य आज शाळेच्या कचेरीपासून बँकेपर्यंत सर्वत्र कानी पडते. ते ऐकणारा मनुष्य निमूटपणे बाकावर बसतो, आणि बोलणाराही हताशपणे यंत्राकडे पाहत राहतो. विलंब कोठे झाला, याचा शोध घ्यावयाचा असतो, ही गोष्ट दोघांच्याही मनात येत नाही.

वडोदऱ्याचेच उदाहरण घेऊ. हे विद्यापीठाचे, न्यायालयांचे, बँकांचे व कारखान्यांचे शहर आहे. पाद्रा, सावली, डभोई, करजण या तालुक्यांतून माणसे कामासाठी शहरात येतात. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी प्रमाणपत्र हवे असते. कारकुनाने मजकूर तयार केलेला असतो, साहेब सहीसाठी बसलेले असतात. परंतु कागद काही बाहेर येत नाही. अर्ध्या तासाने साहेब बैठकीला जातात आणि पाहुण्याला सांगितले जाते, 'उद्या या.' यंत्राच्या दृष्टीने हा तीस मिनिटांचा खोळंबा असला, तरी रोजंदारीवर पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो आणखी एका दिवसाचा खाडा व पुन्हा एकदा बसचे भाडे असते. म्हणून हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाही.

शिवाय या शहराला एक परंपरा आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८९० साली, येथे कलाभवन स्थापन झाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकविण्याचा प्रयत्न केला. पुढे १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश निघाला. कारभाराचा कागद लोकांना समजावा आणि कारागिराला आपल्या हत्याराचे मर्म कळावे, या दोन्ही गोष्टींचे महत्त्व येथे पूर्वीच ओळखले गेले होते. आजच्या कचेरीतील हत्याराचे मर्मही तसेच समजून घेतले पाहिजे.

श्रोतेहो, संगणकावर 'प्रिंट' ही आज्ञा दिल्यापासून हातात कागद येईपर्यंत मजकूर चार मुक्काम करतो. पहिला मुक्काम संगणकातच असतो. तेथे मजकूर एका रांगेत उभा केला जातो. या व्यवस्थेला 'स्पूलर' म्हणतात. दुसरा मुक्काम वाटेवरचा, म्हणजे केबलचा किंवा वाय-फायचा. तिसरा मुक्काम प्रिंटरच्या स्मृतीत. तेथे अक्षरांचे व चित्रांचे बारीक बिंदूंत रूपांतर होते. चौथा मुक्काम प्रत्यक्ष यंत्राचा. तेथे कागद ओढला जातो, त्यावर टोनर बसतो आणि तापलेल्या रुळाखाली तो पक्का होतो. विलंब या चारांपैकी कोणत्या मुक्कामी झाला, एवढे ठरले की निम्मे काम झाले असे समजावे.

ते ठरविण्यासाठी प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पहिले पान निघायला वेळ लागतो आणि नंतरची पाने झरझर येतात, हा एक प्रकार. प्रत्येक पानच रखडत येते, हा दुसरा प्रकार. दोन्हींना लोक 'मंद' हा एकच शब्द वापरतात. परंतु ताप आणि अशक्तपणा यांना एकच औषध देण्यासारखे ते होईल. यंत्राच्या खोक्यावर 'मिनिटाला चाळीस पाने' असे छापलेले असते, ते यंत्र एकदा धावू लागल्यानंतरच्या वेगाविषयी असते. पहिले पान किती सेकंदांत निघते, हा आकडा माहितीपत्रकात वेगळा दिलेला असतो. एकेका पानाचेच दाखले देणाऱ्या कचेरीने खरेदीच्या वेळी हा दुसरा आकडा आधी पाहावा.

यानंतर परीक्षा करावी. प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरून किंवा कळीवरून त्याचे माहितीपान काढता येते. त्यासाठी संगणकाची गरज नसते. ते पान चटकन निघाले, तर यंत्र धडधाकट आहे आणि दोष अलीकडच्या मुक्कामी आहे. तेही रखडले, तर दोष यंत्रातच आहे. मग संगणकावरून एका ओळीचा साधा मजकूर छापून पाहावा. तो लगेच निघाला, तर अडचण मूळच्या दस्तऐवजात आहे. तोही अडकला, तर दुसऱ्या संगणकावरून तोच प्रयोग करावा. दुसऱ्यावरून ठीक निघाल्यास दोष पहिल्या संगणकाचा. दोन्हीकडून उशीर झाल्यास वाट तपासावी. या तीन परीक्षांना दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि दुरुस्तीवाल्याची फेरी अनेकदा वाचते.

आता पहिला मुक्काम पाहू. रांगेच्या अग्रभागी एखादा बिघडलेला दस्तऐवज अडून बसला, की त्याच्यामागील सर्व खोळंबतात. अशा वेळी पुष्कळ जण पुनःपुन्हा 'प्रिंट'ची कळ दाबतात. त्यामुळे रांग लांबते, आणि अडथळा निघाल्यावर एकाच पत्राच्या सात प्रती बाहेर पडतात. रांगेची खिडकी उघडून अडलेले काम रद्द करावे. ते रद्द होत नसेल, तर विंडोज प्रणालीत 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवून, 'स्पूल' या कप्प्यातील 'प्रिंटर्स' नावाचा कप्पा रिकामा करून ती सेवा पुन्हा सुरू करतात. मात्र याने रांगेतील सर्वांचीच कामे पुसली जातात. म्हणून हे काम जबाबदार माणसाने, सहकाऱ्यांना विचारूनच करावे. याच ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 'शेवटचे पान तयार झाल्यावर छपाई सुरू करावी' आणि 'लगेच सुरू करावी' असे दोन पर्याय प्रिंटरच्या गुणधर्मांत असतात. पहिला पर्याय निवडलेला असल्यास दोनशे पानांच्या अहवालाचे पहिले पान बराच वेळ दिसत नाही, यात नवल नाही. संगणकातील जागा भरत आली असली तरीही स्पूलर गुदमरतो.

दुसऱ्या मुक्कामाचे दोष फसवे असतात. नेटवर्कवरील प्रिंटरला एक अंकी पत्ता असतो. वीज जाऊन आली, की कधी कधी त्याला नवा पत्ता मिळतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारीत बसतो. यावर उपाय म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता नेमून देणे आणि संगणकातही तोच नोंदविणे. प्रिंटर जाड भिंतीआड असेल व वाय-फाय क्षीण असेल, तर साधी केबल टाकणे अधिक शहाणपणाचे. तसेच कचेरीतून केव्हाच गेलेल्या प्रिंटरांची नावे संगणकाच्या यादीत राहून जातात. संगणक त्यांचाही शोध घेत राहतो, आणि छपाईची खिडकी उघडण्यासच वेळ लागतो. अशी नावे काढून टाकावीत.

तिसऱ्या मुक्कामाचे गणित रंजक आहे. ए-४ आकाराचे पान इंचाला ६०० बिंदू या मापाने छापावयाचे, तर त्या एका पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदूंची जागा होते. हेच माप १२०० केले, तर बिंदू दुप्पट न होता चौपट होतात. साध्या पत्राला ६०० पुरेसे आहेत. तरीही कोणीतरी कधी छायाचित्रासाठी वाढविलेले माप तसेच राहते, आणि त्यानंतरचे प्रत्येक पत्र त्या ओझ्याखाली चालते. स्कॅन केलेल्या कागदांचेही असेच आहे. तो मजकूर दिसत असला, तरी यंत्राच्या लेखी ते चित्र असते. आपल्या भाषांचाही येथे संबंध येतो. रोमन अक्षरांचे काही ठसे पुष्कळ प्रिंटरांत मुळातच असतात. मराठी व गुजराती अक्षरांचे आकार बहुधा संगणकाला दर वेळी सोबत धाडावे लागतात. म्हणून दोन-तीन लिप्यांचे पत्र इंग्रजी पत्राहून थोडे जड होते. परंतु फरक काही सेकंदांचा असतो. तो मिनिटांवर गेला, तर दोष लिपीला न देता ड्रायव्हरला, म्हणजे संगणक व प्रिंटर यांच्यामधील दुभाष्याला, द्यावा. जुना किंवा भलत्याच यंत्राचा दुभाषी काढून योग्य तो बसविला, की काम सुरळीत होते.

चौथा मुक्काम कागदाचा. लेझर प्रिंटरमधील रूळ साधारणतः दोनशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. यंत्र झोपी गेले असेल, तर जागे होऊन तापण्यास वेळ लागणारच. दिवसभर थोडी थोडी छपाई होत असेल, तर झोपेची मुदत थोडी वाढवावी. विजेचा खर्च व लोकांचा वेळ यांचा मेळ घालून ती ठरवावी. प्रमाणपत्रासाठी जाड कागद लावला, की यंत्र मुद्दामच सावकाश चालते, कारण जाड कागदाला उष्णता अधिक लागते. काम झाल्यावर 'जाड कागद' ही निवड बदलावयाची राहिली, तर साधा कागदही त्याच गतीने येत राहतो.

याहून अधिक आढळणारे कारण म्हणजे कागदाच्या आकाराचा बेबनाव. बाहेरून आलेल्या दस्तऐवजाचा आकार पुष्कळदा अमेरिकन 'लेटर' असतो, जुन्या नमुन्यांचा 'लीगल' असतो, आणि ट्रेमध्ये ए-४ कागद असतो. प्रिंटर बिचारा योग्य कागदाची वाट पाहत थांबतो व पडद्यावर तसे लिहितोही. पण ते वाचण्यास कोणी जागेवरून उठत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन दोन चिकटून ओढले जातात, यंत्र अडते. यास्तव रीम फोडल्यावर उरलेला कागद वेष्टणातच ठेवावा, आणि कागद ओढणाऱ्या रबरी रुळावरील धूळ यंत्र बंद करून ओलसर कापडाने पुसावी.

न उठण्याची ही गोष्ट क्षुल्लक नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या एका प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने आधीच्या प्रिंटरसाठी एक सोय केली होती. कागद अडकला, की ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांच्या संगणकावर तशी सूचना जाई, आणि कोणीतरी उठून तो काढी. नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मिळेना, म्हणून ती सोय करता आली नाही. माणसे आपापल्या जागी वाट पाहत, आणि यंत्र दुसरीकडे अडलेले असे. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या विचारांवर परिणाम झाला. १९८३ साली त्यांनी आज्ञावली सर्वांस खुली असावी या हेतूने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. अडकलेल्या कागदातून एवढी मोठी चळवळ निघावी, हे विलक्षण खरे. पण त्यामागील साधे तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे. यंत्र अडले, ही बातमी वाट पाहणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे.

तेव्हा प्रत्येक कचेरीने प्रिंटरशेजारी एक वही टांगून ठेवावी. उशीर झाला, की तारीख, वेळ, संगणक, दस्तऐवजाचा प्रकार, कागद आणि पडद्यावरील शब्द एवढे त्यात लिहावे. महिनाभराने ती वही चाळली, की सकाळचे पहिले पान, एखादाच संगणक किंवा एखादाच नमुना यांतील दोषी कोण, ते आपोआप दिसू लागते. दुरुस्तीवाल्यालाही 'यंत्र मंद आहे' यापेक्षा 'तिसऱ्या टेबलावरून लीगल नमुना छापताना अडते' हे सांगणे अधिक उपकारक ठरते. आठवड्यातून एकदा रांग, ट्रे, रूळ व केबल पाहण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

शेवटी, हे सर्व करूनही एखादे दिवशी यंत्र अडणारच. त्या दिवशी बाकावर बसलेल्या माणसाला 'जरा बसा' असे न म्हणता, किती वेळ लागेल ते सांगावे. आणि तेवढ्यात जमणार नसेल, तर शेजारच्या विभागातील प्रिंटरवरून त्याचा कागद काढून द्यावा. दाखल्याला यंत्राचे नाव लागत नाही, कचेरीचे लागते.