केलाँगचा ताळेबंद



मिशनरी म्हटलं की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो आकड्याचा. किती बाटले? गंमत अशी की मिशनच्या युरोपातल्या वरिष्ठांचाही प्रश्न हाच असे. त्यांचे शब्द तेवढे सोज्वळ असत. आज मी तुम्हाला अशा गावी नेणार आहे, जिथे या प्रश्नाचं उत्तर दोन्ही पक्षांना निराश करतं.

हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातलं केलाँग, उंची सुमारे 10,000 फूट. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला, तोवर मनालीहून इथे यायचं तर 13,000 फुटांवरची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्याचे पाच-सहा महिने ती बर्फाखाली असे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन पंथाचे दोन प्रचारक, ऑगस्ट विल्हेल्म हायडे आणि एडुआर्ड पागेल, 1853 मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांना खरं तर जायचं होतं मंगोलियाला. रशियाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून ते हिमालयाच्या बाजूने निघाले. पण तिबेटच्या हद्दीवरून त्यांना परत पाठवण्यात आलं. मग सरहद्दीच्या अलीकडेच थांबू, कधीतरी दार उघडेल, असा विचार करून 1856 मध्ये त्यांनी केलाँगला घर बांधायला घेतलं. ते दार त्यांच्यासाठी उघडलं नाही.

1859 मध्ये या घरात बायका आल्या. हायडेंची नियोजित वधू मारिया हार्टमान. तिने नवऱ्या मुलाला तोवर पाहिलंही नव्हतं. मिशनच्या मंडळाने लग्न ठरवलं, ती समुद्र ओलांडून आली आणि उरलेली वाट डोंगरातून काटली. मारियाचा जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा. तिचे आईवडीलही मिशनरीच. या पंथाची रीत अशी, की मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यांना युरोपात पाठवायचं. मारिया स्वतः अशीच आईपासून दूर वाढली होती. पुढे आई झाल्यावर तिनेही आपली मुलं तशीच पाठवली. काही मुलं तर केलाँगमध्येच दगावली. धर्मप्रचाराच्या इतिहासात अशा संसाराला फारशी जागा मिळत नाही. गावाने मात्र प्रवचनाआधी हा संसार पाहिला. पाव भाजणारी, आजारी पडणारी, मूल गेल्यावर रडणारी माणसं पाहिली.

आणि प्रवचन? उन्हाळ्यात हायडे पायी फिरत. लाहौल, झांस्कर, लडाख. केलाँगच्या शिळाप्रेसवर तिबेटी लिपीत पुस्तिका छापल्या जात आणि वाटेवरच्या गावांत वाटल्या जात. पण पहिला बाप्तिस्मा व्हायला 1865 साल उजाडलं, आणि तो घेणारे बापलेकही लाहौलचे नव्हते, लडाखहून आलेले होते. पुढेही केलाँगच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत लडाखीच अधिक.

असं का व्हावं? लाहौली माणसाचं घर, शेत, पाण्याची पाळी, लग्नकार्य, मयतीला येणारे चार खांदे हे सगळं भावकीत आणि गोंपाशी, म्हणजे बौद्ध मठाशी, गुंतलेलं. धर्म सोडणं म्हणजे यातला आपला वाटा सोडणं. लडाखहून आलेल्या माणसाचा इथे वाटाच नव्हता. त्याला गमावण्यासारखं कमी होतं. गावकरी अडाणी होते म्हणून त्यांना ते पटलं नाही, असं समजू नका. त्यांनी हिशेब नीट केला होता.

त्याच हिशेबाने त्यांनी काय घेतलं ते पाहा. मारियाने बायकामुलींना सुयांवर विणायला शिकवलं. लोकर घरची, हिवाळा लांबलचक, हात मोकळे. ही कला खोऱ्यात अशी रुजली की लाहौली मोजे आणि हातमोजे यांना आपल्या काळात भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बटाट्याची लागवडही मिशननेच आणली असं सांगतात. आज लाहौलचा बियाण्याचा बटाटा दूरदूरच्या बाजारात जातो. मोजा पायात घालून पाहता येतो, बटाटा वाफ्यात लावून पाहता येतो. त्यासाठी कुणाला भावकी सोडावी लागत नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकाची. 1857 मध्ये, म्हणजे आपल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, याच पंथाचा हाइनरिख आउगुस्ट येश्के केलाँगला आला. बायबल तिबेटीत आणायचं हा त्याचा हेतू. त्यासाठी तो स्थानिक जाणकारांकडे बसून भाषा शिकला, आणि 1881 मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. तिबेटी बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत राहिले. बायबलसाठी केलेला कोश बुद्धवचन वाचायला उपयोगी पडला! हायडेंनीही उतारवयात दार्जिलिंगकडे असताना शरच्चंद्र दासांच्या 1902 च्या तिबेटी कोशाच्या संपादनाला हातभार लावला.

या कामाची किंमत मोठी होती. पुढे सतलज खोऱ्यातल्या पू गावी राहायला गेलेले पागेल आणि त्यांची पत्नी 1883 च्या जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने वारले. लेहला 1885 मध्ये केंद्र निघालं, तिथले डॉक्टर कार्ल मार्क्स (घाबरू नका, हे दुसरे!) 1891 मध्ये साथीच्या आजारातच गेले. हायडे दांपत्य 1903 मध्ये, म्हणजे हायडे हिंदुस्थानात आल्यावर पन्नास वर्षांनी, जर्मनीला परतलं. 1940 मध्ये केलाँगचं केंद्र बंद झालं. लेहमध्ये मात्र मोरेव्हियन मंडळी आहे, शाळा आहे, आणि ती चालवणारे लडाखीच आहेत.

या लोकांना संत ठरवावं असं मी म्हणत नाही. ब्रिटिश राज्याच्या छत्राखालीच ते राहिले, आणि गोंपातल्या धर्माविषयी त्यांनी लिहिलेला बराच मजकूर आज वाचताना खटकतो. माझं म्हणणं ताळेबंदापुरतं आहे. ‘किती बाटले’ असं रागाने विचारणारा आणि ‘किती तारले’ असं अभिमानाने सांगणारा, दोघेही एकच रकाना भरत असतात. त्यात गावकरी नुसता आकडा होतो. केलाँगच्या माणसांनी पाहुण्यांचं सगळं ऐकून घेतलं, काय घ्यायचं ते निवडलं आणि बाकीचं सभ्यपणे परत केलं. मिशनचा इतिहास लिहिताना या निवडीचा रकाना पहिला हवा. तो भरायचा तर मिशनच्या अहवालांइतकंच गावातल्या घराघरांत विचारावं लागेल, आणि ते काम लाहौल-लडाखच्याच तरुण अभ्यासकांच्या हातून व्हावं, एवढं म्हणून मी थांबतो.