दुःखाची झोप



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने ख्रिस्ती प्रार्थनेवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण थोडे शाळेत आणि पुष्कळसे वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. संकटात मन जागे कसे राहते, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि तो आम्हांला या सोलापुरातल्या कामगारवस्तीत पडला.

यंत्रमाग बंद पडले की पहिल्या आठवड्यात सभेला माणसे मावत नाहीत. महिन्याने जावे, तर त्यांतली निम्मी घरात पांघरूण ओढून पडलेली दिसतात. नुसत्या उपासाने नव्हे. ज्यांच्या घरी बायको विड्या वळून चूल पेटती ठेवते, तेही पडलेले असतात. सावकाराचा माणूस दारात येऊन गेला तरी उठत नाहीत. पोराचे शाळेत जाणे थांबले तरी विचारीत नाहीत. दुःख माणसाला झोपू देत नाही असे आपण म्हणतो. पहिले चार दिवस ते खरे असते. पुढे दुःखच माणसाला झोपवते.

लूकाच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आम्हांला सापडली तेव्हा आम्ही थबकलो. येशूला धरून नेले त्या रात्री तो जैतुनाच्या डोंगरावर गेला, शिष्यांना प्रार्थना करायला सांगून थोडा पुढे जाऊन स्वतः प्रार्थनेला बसला. परत येऊन पाहतो तो सारे झोपलेले! मत्तय आणि मार्क त्यांचे डोळे जड झाले होते असे सांगतात. लूक मात्र कारण देतो : ते दुःखाने झोपले होते. लूक वैद्य होता अशी परंपरा आहे. निदान तरी वैद्याचेच आहे!

आता कोणी म्हणेल, प्रार्थना हीच तर झोपेची गोळी. धर्म म्हणजे अफू. हे वाक्य आम्हीही सभांतून पुष्कळदा टाळ्या घेत ऐकवलेले आहे, आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. पण ते पंडिता रमाबाईंना लावून पाहा.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडले की पुढे केडगाव स्टेशन लागते. तेथे रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. 1858 साली जन्मलेल्या या बाईने तरुणपणीच दुष्काळात आईबाप गमावले. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. 1883 साली वैद्यकी शिकावी म्हणून इंग्लंडला गेल्या, तर बहिरेपण आडवे आले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. पण तेथील मुलींच्या धर्मांतराच्या शंकेने 1893 साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. त्या वादाचा निवाडा आज आम्ही करीत नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. बाई एकट्या पडल्या, एवढे खरे.

एवढे सोसलेल्या माणसाने पांघरूण ओढून पडावे, यात काय वावगे होते? पण 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. आपल्या लहानपणीची भूक त्यांनी ओळखली. पुण्यात प्लेगची साथ. राहायला जागा नाही. मग केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 सालापर्यंत तेथे सुमारे पंधराशे माणसे होती. पंधराशे माणसांची पंगत म्हणजे काय, हे संपाच्या काळात सामुदायिक चूल चालवलेल्यांना विचारा! धान्य मोजावे लागते, पाणी पुरवावे लागते, आजारी वेगळे ठेवावे लागतात. तेथे मुली विणकाम शिकल्या, शेत राखू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. आणि या साऱ्याबरोबर रोजची प्रार्थना होती. 1905 साली तर बाईंनी मुलींना दररोज एकत्र जमून प्रार्थना करण्यास सांगितले आणि त्यातून मोठी धर्मजागृती झाली. त्यांतले रडणे, मोठमोठ्याने बोलणे आमच्या स्वभावाला मानवत नाही, हे सांगून टाकतो. पण ज्या मुलीने आईबाप उपासाने मेलेले पाहिले, तिला मोठ्याने रडायला एक जागा मिळाली, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. मुकाट झोपण्यापेक्षा ते किती तरी बरे.

आमच्या समजुतीप्रमाणे, या बाईची प्रार्थना म्हणजे मागणीपत्र नव्हते. ती हजेरी होती. रोज ठरल्या वेळी उठून, आज कोण उपाशी आहे, कोण आजारी आहे, माझे काय चुकते आहे, हे देवापुढे बोलायचे. जे रोज नाव घेऊन बोलावे लागते, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. हजेरी चुकली की दुःख मोकळे सुटते आणि माणूस आडवा होतो. देव मानणारा असो वा न मानणारा, आमच्या बंद मागांच्या बांधवांना अशी एक हजेरी हवी आहे. निदान रोज संध्याकाळी एकमेकांच्या दारात जाऊन नाव घेऊन हाक मारण्याची.

रमाबाईंची शेवटची वर्षे सोपी नव्हती. कामात उजवा हात झालेली मनोरमा 1921 साली, आईच्या आधी, गेली. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर चालवले होते. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल 1924 साली निघाले, ते केडगावच्याच छापखान्यातून, जेथे खिळे जुळवायला मुक्तीतल्या मुली बसत.