पिवळी खूण आणि पांढरा जिवाणू

दिल्लीच्या पुसा परिसरातील रोगशास्त्रज्ञ कडाकरपा झालेल्या भाताच्या पानातून जिवाणू वेगळा काढतो, तेव्हा आगरावर पिवळ्या, बुळबुळीत वसाहती उमटतात. हा पिवळेपणा झँथोमोनॅडिन या रंगद्रव्याचा. १९६४ साली स्टार आणि स्टीफन्स यांनी झँथोमोनास प्रजातीच्या वर्गीकरणात त्याला महत्त्व दिले. त्याच्या रेणूत ब्रोमीन असते, हे पुढच्या दशकात उलगडले. इतकी विलक्षण खूण हाती आली, की तिच्यावर अधिकच विसंबण्याचा मोह होतो. परंतु १९४८ साली पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी आंब्यावर काळे डाग पाडणारा जिवाणू वर्णिला, त्याच्या वसाहती पांढऱ्या होत्या. त्याची गणना सुडोमोनास प्रजातीत झाली. रंगावाचून इतर गुणधर्म तपासल्यावर तो झँथोमोनासच ठरला. आज त्याचे स्थान लिंबावरील खैऱ्या रोगाच्या पिवळ्या जिवाणूशेजारी, एकाच जातीत आहे.